स्कॅनर लावून गाडीचे ईसीएम व इतर मॉड्यूल तपासण्याची पद्धत

पिकअप सुरू होत नाही, स्कॅनर लावला तर ‘ईसीएमशी संपर्क नाही’ असे येते, आणि पाच मिनिटांत ईसीएम, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारे संगणकासारखे मॉड्यूल, गेल्याचा निकाल लागतो. मग गाडी दुसऱ्या गाडीला बांधून अमरावतीला नाही तर नागपूरला ओढून नेली जाते आणि तिथे बॅटरीखालचा अर्थिंगचा बोल्ट गंजलेला निघतो. हा प्रकार आपल्याकडे विदर्भात वारंवार घडतो. तालुक्याच्या गॅरेजांत स्कॅनर आले, परंतु तपासणीचा क्रम आला नाही. कोड (मॉड्यूलने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) वाचायचा, लगेच पुसायचा आणि कोडमध्ये ज्या भागाचे नाव आहे तो भाग आणून बसवायचा, असे काम बहुतेक ठिकाणी चालते. इलेक्ट्रिकल माल दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे अंदाजाने आणलेल्या प्रत्येक भागाचा भुर्दंड मालकावर नाही तर मिस्त्रीवर बसतो.

हा लेख चारचाकी प्रवासी गाड्या, छोटा हत्तीसारखी मालवाहू वाहने आणि पिकअप यांच्यासाठी आहे. दुचाकींना बहुधा वेगळा जोड लागतो, पण तपासणीचा क्रम तोच राहतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत आधी त्यात ईसीएम आहे का ते पाहावे. जुन्या, साध्या पंपाच्या ट्रॅक्टरांत स्कॅनरला वाचण्यासारखे काही नसते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले, आणि तेव्हापासून कॉमन रेलचे, म्हणजे ईसीएमच्या नियंत्रणाखाली जास्त दाबाने डिझेल सोडणारे, ट्रॅक्टर गावोगावी दिसू लागले आहेत.

टप्पा १ : स्कॅनर हातात घेण्यापूर्वीची तयारी

पुढील साहित्य जवळ नसेल तर तपासणी अर्धवटच राहते: डिजिटल मल्टिमीटर, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डरसह आणि दोन लांब वायरी जोडलेला, कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) मागून घालता येतील अशा बारीक पिना, गाडीच्या त्याच मॉडेलचा आणि त्याच सालाचा वायरिंग नकाशा, आणि नोंदवही. बल्ब सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि या यादीत सर्वांत महत्त्वाचीही तीच आहे. त्याचे कारण सहाव्या टप्प्यात येईल.

स्कॅनर कोणत्या प्रतीचा आहे याची स्वतःशी स्पष्ट कल्पना असावी. मोबाईलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त अडॅप्टर साधारणतः इंजिनाचे सामायिक कोड आणि काही चालू रीडिंग एवढेच दाखवतात. एबीएस (ब्रेकची यंत्रणा), एअरबॅग, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (लाईट, लॉक वगैरे सांभाळणारे) यांच्यापर्यंत ते पोचत नाहीत. अशा अडॅप्टरवर ‘कोड नाही’ असे आले तर त्याचा अर्थ इंजिनाच्या मॉड्यूलमध्ये सामायिक कोड नाही, एवढाच घ्यावा. सर्व मॉड्यूल तपासायची असतील तर सर्व सिस्टिम वाचणारा मल्टिब्रँड स्कॅनर किंवा कंपनीचा स्कॅनर लागतो. विकत घेताना त्यात भारतात विकली जाणारी मॉडेल्स आहेत का, हे दुकानातच उघडून पाहावे.

स्कॅनरचे अपडेट आदल्या दिवशी, जिथे नेटला रेंज आहे तिथे करून घ्यावे आणि त्याची स्वतःची बॅटरी पूर्ण चार्ज ठेवावी. शेतात उभ्या असलेल्या गाडीजवळ जाऊन अपडेट सुरू करण्यात दुपार वाया जाते.

त्यानंतर मालकाला किंवा ड्रायव्हरला विचारावे, आणि घाई न करता विचारावे. बिघाड केव्हापासून आहे? गाडी मध्यंतरी उभी होती का? बॅटरी बदलली का, उलटी लागली होती का? ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या बॅटरीवरून सेल्फ मारला होता का? हुक, पाळणा किंवा डाल्याची पट्टी वेल्डिंग केली का? वॉशिंगला प्रेशरने इंजिन धुतले का? नवीन हॉर्न, एलईडी पट्टी, टेप किंवा जीपीएस बसवले का? बॅटरीची वायर न काढता केलेले वेल्डिंग आणि कुठल्याही वायरीला सोलून जोडलेला जादा लाईट ही आपल्या भागातील मॉड्यूल बिघडण्याची नेहमीची कारणे आहेत, आणि विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.

नंतर बोनेट उघडून डोळ्यांनी पाहावे. गोठ्याजवळ किंवा कुटाराच्या ढिगाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर हमखास शिरतात. एअर फिल्टरच्या डब्याखाली, बॅटरीच्या ट्रेमागे आणि इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली कुरतडलेली वायरिंग शोधावी. कापसाच्या हंगामात रुई कपलरच्या तोंडाशी अडकून ओलावा धरून ठेवते. कपलर उघडला तर आत हिरवट पूड आणि तांब्याचा काळा पडलेला धागा दिसतो, बाहेरून मात्र वायर नवीकोरी वाटते.

सावधान: या टप्प्यावर कोणताही कपलर ओढून काढू नये. की ऑन असताना कपलर काढला तर नवे कोड पडतात आणि मूळ कोड त्यांत हरवून जातात.

टप्पा २ : बॅटरी आणि चार्जिंग

मॉड्यूलची तपासणी बॅटरीपासून सुरू होते. गाडी काही तास उभी राहिल्यावर, सर्व बंद असताना, बॅटरीच्या खांबांवर १२.६ व्होल्टच्या आसपास रीडिंग यावे. १२.२ व्होल्ट म्हणजे बॅटरी साधारण अर्धीच भरलेली आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर ते सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ दरम्यान असावे. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरला ईसीएम नियंत्रित करते आणि रीडिंग खालीवर होते. ते लगेच दोष समजू नये.

मल्टिमीटरचे टोक क्लॅम्पवर नव्हे, बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवावे. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये पांढरी पूड असेल तर दोन्ही ठिकाणची रीडिंग वेगळी येते, आणि कधीकधी पूर्ण बिघाड तेवढाच असतो.

कमी व्होल्टेजवर एकाच वेळी पाच-सहा मॉड्यूल कोड टाकतात. एबीएस, पॉवर स्टिअरिंग, बॉडी कंट्रोल, सगळीकडे तक्रार दिसते. पी०५६२ हा कोड व्होल्टेज कमी पडल्याचा आहे. तो यादीत असेल तर बाकीच्या कोडांवर विश्वास ठेवण्यापूर्वी बॅटरी चार्ज करून पुन्हा स्कॅन करावे.

पडताळणी: बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर पुढे जाऊ नये. चार्जर लावावा किंवा चांगली बॅटरी जोडावी. भारनियमनाची वेळ आधी पाहून घ्यावी.

टप्पा ३ : स्कॅनर जोडणे

डायग्नोस्टिक सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला असतो. त्यात १६ पिनांची जागा असते: रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. यांपैकी पुढील पिना पाठ असाव्यात. ४ आणि ५ म्हणजे अर्थिंग, १६ म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, ६ आणि १४ म्हणजे कॅन लाईनच्या (जिच्यावरून मॉड्यूल एकमेकांशी बोलतात तिच्या) हाय आणि लो वायरी, आणि ७ म्हणजे जुन्या गाड्यांतील के-लाईन, स्कॅनरशी बोलण्याची एकेरी वायर.

की बंद ठेवून स्कॅनर लावावा, मग की ऑन करावी. सॉकेटमधून वीज घेणारा स्कॅनर पेटलाच नाही तर त्याला दोष देण्याआधी १६ आणि ४ या पिनांमध्ये बॅटरीचे व्होल्टेज येते का ते पाहावे. अनेक गाड्यांत या पिनेचा फ्यूज दुसऱ्या एखाद्या साधनाशी, उदाहरणार्थ चार्जिंग सॉकेट किंवा टेपशी, सामायिक असतो. चायनीज चार्जरने तो फ्यूज उडालेला असतो आणि ‘गाडी स्कॅनर घेत नाही’ अशी अफवा पसरते.

सावधान: ट्रक व मोठ्या बसची सिस्टिम २४ व्होल्टची असते. केवळ १२ व्होल्टचा स्कॅनर अशा गाडीला लावला तर जळू शकतो. स्कॅनरवर छापलेली मर्यादा आधी वाचावी.

गाडी निवडताना मॉडेल, साल आणि इंजिन अचूक निवडावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यामुळे एकाच नावाच्या गाडीत त्याआधीचे आणि नंतरचे मॉड्यूल वेगळे असू शकते. चुकीचे मॉडेल निवडले की स्कॅनर ‘संपर्क नाही’ सांगतो आणि ते खरेही असते, कारण तो चुकीच्या पत्त्यावर हाक मारत असतो. शक्य असेल तिथे चेसिस नंबरवरून गाडी आपोआप ओळखू द्यावी.

टप्पा ४ : सर्व मॉड्यूलचे स्कॅन आणि नोंद

तक्रार इंजिनाची असली तरी फक्त इंजिन उघडू नये. संपूर्ण गाडीचे स्कॅन करावे आणि निकालाची तीन प्रकारांत विभागणी करावी: बोलणारी आणि कोड नसलेली मॉड्यूल, बोलणारी पण कोड असलेली मॉड्यूल, आणि न बोलणारी मॉड्यूल. तिसऱ्या प्रकारात सर्वाधिक गोंधळ होतो. काही स्कॅनर न बोलणारे मॉड्यूल यादीतून गाळूनच टाकतात, काही ‘बसवलेले नाही’ असे दाखवतात. गाडीत एबीएस आहे हे आपल्याला डोळ्यांनी दिसते आणि स्कॅनरच्या यादीत ते नाही, तर ते न बोलणारे मॉड्यूल धरावे.

प्रत्येक कोड त्याच्या स्थितीसह लिहून घ्यावा किंवा स्क्रीनचा फोटो काढावा. चालू, जुना आणि प्रलंबित (दिसलेला, पण अजून पक्का न झालेला) या तिन्ही अवस्थांचे महत्त्व वेगळे आहे. कोडसोबत फ्रीझ फ्रेम असेल, म्हणजे कोड पडला त्या क्षणीची रीडिंग साठवलेली असतील, तर तीही नोंदवावीत.

फ्रीझ फ्रेमकडे दुर्लक्ष होते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. पी००८७ हा कोड रेलमधील डिझेलचा दाब कमी पडल्याचा आहे. तो पाहून बहुतेकजण हाय प्रेशर पंपाकडे बोट दाखवतात. फ्रीझ फ्रेममध्ये इंजिन गरम, आरपीएम जास्त आणि लोड जास्त दिसला, म्हणजे माल भरून चढावर हा कोड पडला, तर आधी डिझेल फिल्टर, टाकीतील जाळी आणि नळीत हवा शिरते का हे पाहावे. कॅनमधून आणलेले, पाणी मिसळलेले डिझेल हेही कारण असते. तोच कोड सेल्फ मारताना पडला असेल तर तपासणीची दिशाच वेगळी असते. कोड एकच, पण बिघाड दोन.

सावधान: या टप्प्यावर कोड पुसू नये. पुसल्यावर फ्रीझ फ्रेमही जाते आणि गाडीने स्वतः केलेल्या चाचण्यांची नोंदही शून्य होते. ‘पुसून बघू, पुन्हा येतो का’ ही सवय शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवावी.

टप्पा ५ : कोडचा अर्थ लावणे

पी म्हणजे इंजिन व गिअर, सी म्हणजे चेसिस, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे मॉड्यूलमधील आपसांतील संपर्क. या अक्षरापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की कोड भागाचा नसतो, मॉड्यूलला जाणवलेल्या स्थितीचा असतो.

याचे सर्वांत घातक उदाहरण पी०११८ हे आहे. स्कॅनरवर ‘कूलंट टेम्परेचर सर्किट हाय’ असे येते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात हे वाचले की कोणालाही इंजिन तापले असे वाटते, आणि थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंखा यांच्यावर खर्च सुरू होतो. इथे ‘हाय’ तापमान नसून व्होल्टेज आहे. या सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) थंडीत वाढतो. वायर तुटली की मॉड्यूलला व्होल्टेज सर्वांत जास्त दिसते आणि ते इंजिन बर्फासारखे थंड आहे असे समजते. लाईव्ह डेटामध्ये, म्हणजे स्कॅनरवरच्या चालू रीडिंगमध्ये, अशा वेळी उणे ४० अंश दिसतात. विदर्भात उणे ४० दिसले की वायर तुटलेली किंवा कपलर सुटलेला आहे, एवढे नक्की समजावे. उलट पी०११७ म्हणजे व्होल्टेज कमी, वायर अर्थला लागलेली, आणि रीडिंग भलतेच गरम.

यू कोड वाचताना एक कोष्टक करावे: कोणते मॉड्यूल कोणाची तक्रार करते आहे. एबीएस म्हणते ईसीएम सापडत नाही, बॉडी कंट्रोल म्हणते ईसीएम सापडत नाही, दोघांतही यू०१०० आहे आणि ईसीएम स्वतः स्कॅनरशी बोलत नाही, तर ईसीएमचा प्लस, अर्थिंग किंवा त्याच्याकडे जाणारी कॅनची फांदी संशयित आहे. तक्रार एकाच मॉड्यूलची असेल आणि बाकी सर्व ईसीएमशी नीट बोलत असतील, तर दोष तक्रार करणाऱ्याच्याच बाजूला शोधावा. कोणीच बोलत नसेल तर मुख्य कॅन लाईन, गेटवे (सॉकेट आणि आतल्या लाईनी यांना जोडणारे मधले मॉड्यूल) किंवा सॉकेट यांच्याकडे वळावे. हे कोष्टक कागदावर मांडायला फारसा वेळ लागत नाही आणि निम्मी गाडी उघडण्याचे काम वाचते.

टप्पा ६ : न बोलणाऱ्या मॉड्यूलचा प्लस आणि अर्थिंग

मॉड्यूल बोलत नाही म्हणजे ते मेलेले आहे असे नाही. त्याला वीजच मिळत नसेल तर चांगले मॉड्यूलही गप्प बसते. ही तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. वायरिंग नकाशावरून मॉड्यूलच्या सर्व प्लस आणि सर्व अर्थिंग पिनांचे क्रमांक लिहून काढावेत. ईसीएमला सहसा एकापेक्षा अधिक प्लस आणि अधिक अर्थिंग असतात. एक आले म्हणजे सगळे आले असे नसते.

२. की बंद करावी, काही मिनिटे थांबावे आणि मगच मॉड्यूलचा कपलर काढावा. कपलरमधील पिना वाकलेल्या, हिरव्या पडलेल्या किंवा मागे सरकलेल्या आहेत का ते टॉर्चने पाहावे.

३. २१ वॅटचा बल्ब आधी थेट बॅटरीवर लावून त्याचा प्रकाश डोळ्यांत साठवावा. मग की ऑन करून बल्बची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी कपलरमधील एकेका प्लस पिनेला लावावी. प्रत्येक ठिकाणी तितकाच लख्ख प्रकाश पडला पाहिजे.

४. आता उलट करावे. एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका अर्थिंग पिनेला. इथेही प्रकाश तितकाच हवा.

बल्बच का, याचे उत्तर असे. दहा-बारा तारांपैकी एकच तार धरून राहिलेली वायर मल्टिमीटरवर १२ व्होल्ट अगदी बरोबर दाखवते, कारण मल्टिमीटर जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह ओढत नाही. बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपास ओढतो. त्या भाराखाली एक तार टिकत नाही आणि बल्ब पिवळट जळतो किंवा जळतच नाही. गंजलेल्या कपलरची परीक्षा अशी भाराखालीच होते, म्हणून ‘मीटरवर तर बारा आले’ हा युक्तिवाद मी मान्य करीत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. अनेक गाड्यांत मुख्य रिले ईसीएमच ओढते. कपलर काढलेला असताना ती रिले बसणार नाही आणि तिच्यातून येणाऱ्या प्लस पिनेवर बल्ब लागणार नाही. तो दोष नव्हे. अशा वेळी नकाशा पाहून रिलेच्या जागी फ्यूज असलेली जोडवायर घालून मगच त्या पिनेची तपासणी करावी.

५. कपलर परत लावावा आणि सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनस खांबापासून मॉड्यूलच्या अर्थिंग पिनेपर्यंत किती व्होल्ट पडतात ते कपलरच्या मागून पिन घालून मोजावे. ०.१ व्होल्टच्या आसपास ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आले तर अर्थिंगची पट्टी, बोल्ट आणि इंजिनापासून चेसिसपर्यंतची वायर खरवडून स्वच्छ करावी.

सावधान: बल्ब फक्त नकाशावरून खात्री झालेल्या प्लस आणि अर्थिंग पिनांनाच लावावा. सेन्सरच्या सिग्नल वायरीला किंवा ५ व्होल्टच्या वायरीला बल्ब लावल्यास चांगले मॉड्यूल आपल्याच हाताने जाळले जाईल. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला बल्ब किंवा मल्टिमीटर कधीही लावू नये.

कपलरच्या तोंडात मल्टिमीटरचे जाड टोक घुसवू नये. आतली पकड सैल पडते आणि नवाच, कधी येणारा कधी जाणारा बिघाड तयार होतो.

टप्पा ७ : कॅन लाईन

प्लस आणि अर्थिंग दोन्ही उत्तम आहेत, तरीही मॉड्यूल गप्प आहे. आता कॅनकडे वळावे. प्रथम रोध मोजावा. कोड नोंदवून झाल्याची खात्री करून बॅटरीचा मायनस काढावा आणि सॉकेटच्या ६ व १४ या पिनांमध्ये मल्टिमीटर लावावा. लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचे एकेक रेझिस्टर असते, त्यामुळे रीडिंग ६० ओहमच्या जवळ यावे. १२० आले तर एका टोकाशी संबंध तुटला आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना लागल्या आहेत. गेटवे असलेल्या नव्या गाड्यांत सॉकेटवर फक्त गेटवेपर्यंतचीच लाईन दिसते, म्हणून तिथे नकाशा पाहून आतल्या लाईनवर मोजावे.

मग बॅटरी जोडून की ऑन करावी आणि प्रत्येक पिनेचे अर्थिंगच्या तुलनेत व्होल्टेज पाहावे. हायवर अडीचपेक्षा थोडे जास्त, लोवर अडीचपेक्षा थोडे कमी, आणि दोघांची बेरीज ५ च्या आसपास. एखाद्या वायरीवर शून्य किंवा १२ व्होल्ट आले तर ती अर्थला किंवा प्लसला लागली आहे.

लाईन दबलेली असेल तर की बंद करून एकेक मॉड्यूल कपलरमधून सोडवावे आणि दर वेळी की ऑन करून व्होल्टेज पाहावे. ज्याला सोडवल्यावर लाईन जागी होते, ते मॉड्यूल किंवा त्याच्याकडे जाणारी वायर दोषी. टोकाचे मॉड्यूल सोडवल्यास रोध १२० होणारच. त्याला दोष समजू नये. या खेळात एअरबॅगच्या मॉड्यूलला हात लावू नये.

कॅनच्या दोन वायरी एकमेकींना पीळ दिलेल्या असतात. उंदराने तोडलेल्या ठिकाणी जोड देताना तो पीळ परत द्यावा, सोल्डर करावे आणि उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसती मुरगळून टेप गुंडाळलेली कॅनची वायर पहिल्या पावसापर्यंतच टिकते.

टप्पा ८ : लाईव्ह डेटावरून मॉड्यूलची परीक्षा

मॉड्यूल बोलत असेल तर ते खरे बोलते का, हे पाहायचे. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी की ऑन करून कूलंट, इनटेक हवा आणि डिझेल यांची तापमाने पाहावीत. तिन्ही एकमेकांच्या जवळपास असली पाहिजेत. एखादे दहा-पंधरा अंशांनी वेगळे असेल तर त्या सेन्सरकडे लक्ष द्यावे. इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने) बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर असल्याने तिथे तो ९७-९८ किलोपास्कलच्या आसपास येतो, यवतमाळला उंचीमुळे थोडा कमी. १०० च्या कितीतरी वर किंवा ८० च्या खाली येणारे रीडिंग संशयास्पद आहे.

दोन वायरींच्या तापमान सेन्सरवरून मॉड्यूलच तपासता येते. कपलर काढला की स्क्रीनवर उणे ४० च्या जवळ रीडिंग जावे. कपलरच्या दोन्ही पिना जोडवायरीने जोडल्या की ते वरच्या टोकाला जावे. दोन्ही घडले तर वायरिंग आणि मॉड्यूल उत्तम आहे आणि दोष सेन्सरमध्ये आहे. दोन्हीपैकी एक घडले नाही तर सेन्सर बदलून काही उपयोग नाही.

एकाच वेळी रेल प्रेशर, मॅप आणि अ‍ॅक्सिलरेटर पेडल यांचे कोड आले तर तीन सेन्सर एकदम गेले असे मानण्यापेक्षा त्यांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा तपासावा. ईसीएम ही ५ व्होल्टची वीज अनेक सेन्सरांना वाटून देते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा एक वायर चेसिसला घासली की सगळ्यांची वीज पडते. एकेक सेन्सर सोडवत ५ व्होल्ट केव्हा परत येतात ते पाहावे. ईसीएम बदलण्याच्या निर्णयाला पोचलेल्या किती गाड्या या एका तपासणीने वाचल्या असत्या!

दुपारी बंद पडणारी आणि संध्याकाळी आपोआप सुरू होणारी गाडी दुपारीच तपासावी. सेल्फ मारताना लाईव्ह डेटामध्ये आरपीएम शून्यच राहत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे ओळखणारा) किंवा त्याची वायर गरम होऊन सिग्नल सोडते आहे. इंजिन थंड झाल्यावर हाच सेन्सर सगळ्या परीक्षांत पास होतो.

सावधान: कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बार आणि त्याहून अधिक असू शकतो. जुन्या डिझेल इंजिनासारखा इंजेक्टरचा नट ढिला करून हवा काढण्याचा किंवा सिलिंडर ओळखण्याचा प्रयत्न इथे करू नये. ती धार कातडीतून आत शिरते.

टप्पा ९ : अ‍ॅक्टिव्ह टेस्ट

स्कॅनरवरून पंखा, रिले, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) किंवा इंजेक्टर चालवून पाहिले की आज्ञा मॉड्यूलमधून निघते का, हे समजते. आज्ञा दिल्यावर मॉड्यूलच्या पिनेवर व्होल्टेज बदलले आणि भाग हलला नाही, तर दोष पुढे आहे. पिनेवरच काही घडले नाही आणि प्लस-अर्थिंग आधीच पास झाले आहेत, तर मॉड्यूलवरचा संशय पहिल्यांदा रास्त ठरतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावूनच ही चाचणी करावी.

डीपीएफचे (धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचे) जबरदस्तीचे रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणे, याच मेनूत असते. त्या वेळी फिल्टरमधील तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. पऱ्हाटीचा ढीग, कुटार, तुऱ्हाट्या किंवा वाळलेले गवत जवळ असलेल्या खळ्यात ते कधीही करू नये. पक्क्या, मोकळ्या जागेत, पाण्याचे ड्रम जवळ ठेवून करावे.

टप्पा १० : मॉड्यूल बदलणे आणि कोड पुसणे

प्लस, अर्थिंग, कॅन आणि ५ व्होल्ट हे चारही पास झाल्यावरच मॉड्यूल बदलण्याचा विचार करावा. जुने ईसीएम थोडेसेही बोलत असेल तर त्यातील भाग क्रमांक, सॉफ्टवेअर क्रमांक, चेसिस नंबर आणि इंजेक्टरांचे कोड आधी वाचून ठेवावेत. नव्यात ते भरावे लागतात. कबाडीतून आणलेले ईसीएम केवळ दिसायला सारखे असून चालत नाही, क्रमांक जुळला पाहिजे आणि इमोबिलायझरमुळे (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेमुळे) किल्लीची जुळणीही करावी लागते. प्रोग्रामिंग चालू असताना वीज तुटली तर नवे मॉड्यूलही निकामी होऊ शकते. केवळ गावच्या लाईनवर चालणाऱ्या चार्जरवर अशा वेळी भिस्त ठेवू नये. पूर्ण चार्ज केलेली दुसरी १२ व्होल्टची बॅटरी समांतर जोडून घ्यावी.

दुरुस्ती झाल्यावर आता कोड पुसावेत, की बंद करून थोडे थांबावे, इंजिन सुरू करून पुन्हा पूर्ण स्कॅन करावे. त्यानंतर गाडी ज्या स्थितीत बिघडत होती त्याच स्थितीत चालवावी: माल भरून बिघडत असेल तर माल भरून, दुपारी बिघडत असेल तर दुपारी. परत आल्यावर चालू कोडांसोबत प्रलंबित कोडही वाचावेत, कारण चेक लाईट लागण्याआधी बिघाड तिथे दिसतो. काही कोड थंड इंजिन सुरू होतानाच पडतात, म्हणून गाडी एक रात्र ठेवून घेता आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी की फिरवण्यापूर्वी स्कॅनर लावावा आणि पहिल्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहावे.